दादा फुकट नेतायत, मग गाईड कशाला?

सप्रेम नमस्कार,

आम्ही दोघं तीन वर्षांपासून म्युनिकमध्ये नोकरी करतोय. नवरा पुण्याचा, सह्याद्रीतच वाढला म्हणा ना! लिंगाणा दोनदा, तैलबैला, वजीर असे अवघड कडे-सुळके चढलाय. मी कोल्हापूरची. गडांवर फिरलेय, पण दोर बांधून चढायला इथंच शिकले, गेल्या नोव्हेंबरपासून, थालकिर्शनच्या क्लाइंबिंग हॉलमध्ये, तेही वरून दोर लावून. जुलैअखेर चार दिवस इटलीत डोलोमाइट्सला जातोय, कोर्तिनाजवळ. तिथं खऱ्या डोंगरावर पाच-सहा पिचची (पिच म्हणजे एका दोराच्या लांबीत बसणारा टप्पा) सोपी चढाई करायची, असं दोघांच्याही मनात आहे.

आमच्या मंडळातले एक दादा चार वर्षांपासून क्लाइंबिंग करतात. ते म्हणाले, ‘गाईडवर पैसे कशाला उधळता? मी नेतो. सास दे स्त्रिया नावाचा डोंगर आहे, चौथी ग्रेड (अवघडपणाची पायरी), शाळकरी पोरं चढतात.’ दादा फार भला माणूस. आम्ही नवीन होतो तेव्हा घर मिळवून देण्यापासून सगळं त्यांनी केलं. गाईड दिवसाचे पाचशे युरो सांगतो. नवरा म्हणतो, त्यात थोडे घातले तर पुण्याला जाऊन येता येईल, आणि लिंगाणा केलेल्या माणसानं गाईड घेतला तर मित्र हसतील. माझ्या मात्र पोटात गोळा येतो. का, ते सांगता येत नाही. मी उगाच घाबरतेय का? गाईड घ्यायचाच झाला तर कसा निवडायचा, त्याला काय विचारायचं? आणि दादांना काय सांगायचं?

– भित्री, म्युनिक

प्रिय भित्री,

पत्र दोनदा वाचलं. उंचीची भीती वाटते, असं तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. दोराची नाही, खडकाची नाही. ‘का, ते सांगता येत नाही’ असं लिहिलंत आणि त्याच्या चार ओळी वर कारण स्वतःच लिहून ठेवलंत: दादांनी घर मिळवून दिलं. उद्या तिसऱ्या पिचवर तुमचे हात भरून आले, पलीकडून ढग चढायला लागले आणि ‘मला खाली जायचंय’ असं ओठांवर आलं, तर तुम्ही ते गिळाल. दादांनी रजा काढलीय, गाडी त्यांची, दोर त्यांचा. भीड भिकेची बहीण म्हणतात; डोंगरात ती भिकेवर थांबत नाही.

तेव्हा गाईड घ्या. पाचशे युरोत जे काही मिळतं, त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही, की तुम्ही त्याला बेधडक ‘मला नको’ म्हणू शकता आणि तोही तुम्हाला तोंडावर ‘आज नाही’ म्हणू शकतो. बाकी सगळं त्याच्यानंतर.

हे मी अक्कलखाती पैसे भरून शिकलेय. २००६ सालची गोष्ट. डोलोमाइट्समधल्याच सेला खिंडीजवळचा पहिला सेला टॉवर, अडीच हजार मीटरच्या थोडा वर. एक अनुभवी मित्र पुढे, मी आणि मैत्रीण मागे. सकाळी निघायलाच उशीर झाला, कारण मुक्काम त्याच्याच घरी होता आणि त्याच्या बायकोनं केलेल्या उपम्याला नाही कोण म्हणणार? दुपारचे दोन वाजले तरी आमचे दोन पिच बाकी होते. पश्चिमेचं आभाळ काळंनिळं झालेलं मला दिसत होतं, मैत्रिणीला दिसत होतं, त्यालाही दिसत असणार. कुणीच काही बोललं नाही. मग एक बारीक गुणगुण ऐकू आली. सह्याद्रीत चढणाऱ्याला असा आवाज आला की एकच गोष्ट सुचते, आग्यामोहोळ. मी मान वळवून वळवून कड्यावर पोळं शोधायला लागले. पोळं कुठंच नव्हतं. आवाज माझ्याच कमरेतून येत होता. हार्नेसला लटकवलेले कॅरॅबिनर, म्हणजे धातूच्या कड्या, गुणगुणत होते. वीज पडायच्या बेतात असली की हवा भारून जाते आणि धातू असा बोलायला लागतो.

ती वीज शेजारच्या टॉवरवर पडली. आम्ही गारांचा मार खात, चाचपडत, काही ठिकाणी दोरावरून घसरत, म्हणजे रॅपल करत, अंधारात खाली आलो. मैत्री टिकली, पण त्या दिवसाचा विषय आजही कुणी काढत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही दोघींनी गाईड घेतला. कोर्तिनाजवळच्या चिंक्वे तोर्री या सुळक्यांवर दुसऱ्या पिचच्या शेवटी, सकाळी पावणेअकराला, तो गडी आभाळाकडे बघून म्हणाला, खाली जायचं. आम्ही हुज्जत घातली. त्यानं ऐकून घेतलं आणि दोर रॅपलसाठी ओवायला सुरुवात केली. उरलेला दिवस त्यानं पायथ्याच्या एका बुटक्या सुळक्यावर आमच्याकडून अँकर (स्वतःला खडकाला बांधून घ्यायची जागा) बांधून घेतले, सोडवून घेतले, परत बांधून घेतले. पैसे पूर्ण घेतले. आणि पाऊस काही आला नाही! मला आजही वाटतं, त्या दिवशी चढून झालं असतं. त्याचा अंदाज चुकलाही असेल. पण तो अंदाज त्यानं आभाळाकडे बघून बांधला होता, आमच्या तोंडाकडे बघून नाही.

दादांवर अन्याय नको, म्हणून हेही सांगते. त्यांनी सुचवलेला डोंगर अगदी योग्य आहे. (नाव मराठी कानाला भलतंच लागतं. सासू आणि बायका एकत्र! तिथल्या लादीन बोलीत त्याचा अर्थ चेटकिणीचा खडक.) उंची २४७७ मीटर, फाल्झारेगो खिंडीच्या शेजारी, पायथा रस्त्यापासून जवळ. दक्षिणेच्या धारेनं चढायचं आणि उतरायला पायवाट. ती पहिल्या महायुद्धातल्या खंदकांमधून येते, म्हणजे चढून दमल्यावर रॅपलची भानगड नाही. शाळकरी पोरं चढतात हेही खरंच असेल. त्या पोरांचा दोर कुणाच्या हातात असतो, तेवढं विचारा.

आणि विचारतच आहात तर आणखी दोन गोष्टी विचारा. दादा, तिसऱ्या पिचवरून मागं फिरायचं ठरलं तर आपल्या तिघांना खाली कसं आणाल, आणि त्यासाठी तुमच्याकडचं कोणतं सामान वर सोडून द्याल? दादा, मी मधेच हात सुटून लटकले, मला ना वर येता येईना ना खाली, तर काय कराल, आणि हे शेवटचं कधी करून बघितलंत? उत्तर लगेच आलं, त्यात प्रुसिक (दोरावर आवळून बसणारी गाठ) आला, पुली आली, ‘गेल्या महिन्यात हॉलच्या मागच्या झाडावर सराव केला’ असं काही आलं, तर दादा कसलेले आहेत. मग पुढच्या वर्षी एका वेळी एकानंच त्यांच्याबरोबर जायला माझी हरकत नाही. ‘अगं, तशी वेळच येणार नाही’ असं आलं, तर तेही उत्तरच आहे.

आता नवरोबांचं. लिंगाणा दोनदा केलाय, मनापासून कौतुक. पण त्यांना एक विचारा: तिथं पहिला दोर कुणी लावला होता? हल्ली लिंगाण्यावर मोठ्या तुकड्या जातात तेव्हा चार-पाच जाणती मुलं आधी पुढं जाऊन दोर लावतात आणि बाकीचे त्या दोराच्या भरवशावर चढतात. त्यात कमीपणा काहीच नाही. पण मग गाईड तिथंही होताच. आपण त्याला ‘लीडर’ म्हणत होतो आणि त्याची फी बसभाड्यात आणि पिठलं-भाकरीत मुरलेली होती. वजीरवर ते स्वतः लीड, म्हणजे दोर घेऊन सगळ्यांच्या पुढे, गेले असतील, तर मात्र दोराच्या पुढच्या टोकाला काय वाटतं हे त्यांना ठाऊक आहे, आणि तुम्हाला घेऊन अनोळखी खडकावर ते टोक बांधायला तेच कचरतील. हसणाऱ्या मित्रांना त्या टोकाला बांधून पाठवा एकदा.

खडक अनोळखी आहे हे नुसतं म्हणायला नाही. आपला बेसॉल्ट आणि हा डोलोमाइट यांचं वागणं वेगळं. (देओदा द दोलोमिए या फ्रेंच भूशास्त्रज्ञाच्या नावावरून खडकाला नाव पडलं आणि खडकावरून डोंगररांगेला.) होल्ड भरपूर, हात घालावा तिथं काहीतरी सापडतं, म्हणून नवशिक्याला हा खडक फार आवडतो. पण यातले काही होल्ड हातात येतात ते कायमचे, कड्यापासून सुटून. आणि लोकप्रिय रूट शंभर वर्षांच्या वर्दळीनं जेजुरीच्या पायऱ्यांसारखे गुळगुळीत झालेत. हॉलमध्ये थोड्या-थोड्या अंतरावर बोल्ट असतो. जुन्या डोलोमाइट रूटवर कुठं एखादा गंजका पिटॉन (खडकात ठोकलेला खिळा), कुठं खडकातच निसर्गानं कोरलेली डमरूच्या कमरेसारखी जागा, तिच्यातून स्लिंग (पट्टीचा फास) ओवायची आणि तोच आपला रनर, पडलो तर अडवणारा आधार. तो डमरू भक्कम आहे की पोकळ, हे ठोकून आवाजावरून ओळखायला वर्षं लागतात. हॉलमध्ये पाचवी ग्रेड सहज जात असेल तर डोंगरावर तिसरी-चौथीच धरा. तिथं ग्रेड तुम्हाला दमवत नाही, बाकीचं सगळं दमवतं.

वेळेचा हिशेब तर फारच कमी लोक करतात. धरा, सात पिच. दादा पुढं जाणार, रनर लावत, रस्ता शोधत, एका पिचला वीस मिनिटं. मग तुम्ही, मग नवरा, एकामागून एक, वर दोराचा गुंता सोडवणं. पिचला तास सहज जातो. सात तास झाले. आल्प्समध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट ही रोजची शक्यता. गाईड त्याच रस्त्यानं शेकडो वेळा गेलेला असतो. तो दोन बारीक दोर वापरतो, तुम्हा दोघांना एकेक, आणि दोघांना चार-पाच मीटरच्या अंतरानं एकाच वेळी वर घेतो. पिच अर्ध्या तासात होतो. साडेतीन तासांत माथा, जेवायला खिंडीतल्या हॉटेलात. पाचशे युरोंतले निम्मे तर या साडेतीन तासांचेच आहेत.

गाईड निवडायचा कसा? इटलीत हा व्यवसाय कायद्यानं बांधलेला आहे, १९८९ चा सहाव्या क्रमांकाचा कायदा. दोरावरून माणसांना पैसे घेऊन नेण्याचा अधिकार ‘गुइदा आल्पिना’लाच. जर्मन बोलणाऱ्या भागात त्यालाच ‘बेर्गफ्यूरर’ म्हणतात. घोळ इथं होतो: संकेतस्थळावर हसरा चेहरा, पाठीवर सॅक, खाली ‘माउंटन लीडर’ किंवा ‘बेर्गवांडरफ्यूरर’ असं लिहिलेलं असतं. ही मंडळी पदभ्रमणाची गाईड. आपल्या कामात उत्तम, पण दोराची चढाई त्यांच्या परवान्यात बसत नाही. तुम्हाला हवं ते आयएफएमजीएचं चिन्ह. ही जागतिक संघटना १९६५ मध्ये ऑस्ट्रिया, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटलीच्या गाईडांनी मिळून उभी केली. जर्मनमध्ये तिचीच आद्याक्षरं आयव्हीबीव्ही होतात, फ्रेंचमध्ये यूआयएजीएम. तीन नावं बघून तीन संघटना समजू नका. गाईडकडे ओळखपत्र असतं, ते चालू वर्षाचं आहे का ते बघा. मागायला लाजू नका. रिक्षावाल्याला मीटर टाकायला सांगतोच ना आपण? ‘आस्पिरान्ते’ असं लिहिलेलं असेल तर तो शिकाऊ गाईड, परवाना असलेला पण मर्यादा असलेला. चौथ्या ग्रेडच्या रूटवर तोही चालेल, मात्र त्यानं ते आपणहून सांगायला हवं.

प्रांतवार गाईडांची नोंदवही असते, कोर्तिना ज्या प्रांतात आहे त्या व्हेनेतोची वेगळी. तिच्यात नाव शोधता येतं. मधल्या एजन्सीकडून घेणार असाल तर एवढंच पक्कं करा, की प्रत्यक्ष येणारा गाईड कोण ते आधी कळेल आणि त्याच्याशी एकदा थेट फोनवर बोलता येईल. ‘आमच्या टीममधलं कुणीतरी येईल’ हे मला चालत नाही. लग्नात आचारी बदलला तर आपण किती बोंब मारतो!

पैशांचं स्पष्ट बोला. तिकडे गाईडचा दिवस साधारण चारशे ते सहाशे युरोंत पडतो, रूट अवघड तसा जास्त. स्वित्झर्लंडमध्ये याहून महाग. बहुतेक ठिकाणी हा दर गाईडचा असतो, माणशी नसतो. दुसऱ्या माणसाचे थोडे वर. रोपवेचं तिकीट, डोंगरातल्या झोपडीत मुक्काम असेल तर त्याचं जेवण-झोपणं, हे गाईडचंही तुम्हीच भरायचं, असा रिवाज आहे. हवामानामुळे रद्द झालं तर आगाऊ रकमेचं काय, हे आधी लिहून घ्या. मी तर चारांतले दोनच दिवस गाईड घेईन. पहिला दिवस चिंक्वे तोर्रीवर: बाई दे दोनेसहून रोपवेनं वर, बुटके सुळके, दोन-तीन पिच, मन भरलं की अर्ध्या तासात पायथ्याला. दुसऱ्या दिवशी चेटकीण. खिशाला एकच दिवस परवडत असेल तर चिंक्वे तोर्रीच घ्या, आणि चेटकिणीकडे खिंडीतून कॉफी पीत बघा. पैसे वाचवायचा सरळ रस्ता तुमच्या दाराशीच आहे: तुम्ही ज्या हॉलमध्ये जाता तो चालवणाऱ्या जर्मन आल्पाइन क्लबच्या शाखा बहुपिच चढाईचे कोर्स घेतात, गटात असल्यानं स्वस्तात. जूनमधला एखादा मिळाला तर जुलैचे पैसे दुप्पट वसूल होतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गाईडला पाठवायचा मेल. लोक गाईडला प्रश्न विचारण्यात दमतात आणि स्वतःबद्दल थापा मारतात. लग्नाच्या बायोडेटासारखं सगळं वाढवून लिहितात. तुम्ही असं लिहा:

‘आम्ही दोघं, वय अमुक आणि अमुक. मी गेल्या नोव्हेंबरपासून हॉलमध्ये वरच्या दोरावर चढते, पाचवी ग्रेड जमते, सहावीत पडते. बाहेरच्या खडकावर कधीच नाही. लीड कधीच नाही. रॅपल दोनदा, दोन्ही वेळा कुणीतरी खालून दोर धरलेला. नवऱ्यानं भारतात सुळके केलेत, बहुतेक लावलेल्या दोरावर; तीन वर्षांत सराव नाही. त्याचा उजवा गुडघा उतरताना दुखतो. मला उंचीची भीती वाटत नाही, पण वरचा माणूस दिसेनासा झाला की घाबरते. माथा गाठलाच पाहिजे असं नाही. शिकायला आवडेल. सास दे स्त्रियाचं नाव ऐकलंय, पण तुम्हाला आमच्यासाठी दुसरं काही योग्य वाटलं तर सांगा.’

ग्रेडचं, रॅपलचं, सरावाचं आणि गुडघ्याचं मी मनानं घातलं. नसेल तर काढा, असेल तर मुळीच लपवू नका. या मेलला येणाऱ्या उत्तरावरून गाईड कळतो. त्यानं उलट दोन-तीन प्रश्न विचारले, दुसरा रूट सुचवला, ‘आधी अर्धा दिवस पायथ्याला बघू’ म्हणाला, तर तोच माणूस. ‘नो प्रॉब्लेम, सकाळी आठला भेटू, आगाऊ रक्कम या खात्यावर’ एवढंच आलं, तर पुढच्याला लिहा. जुलै-ऑगस्टचे चांगले गाईड लवकर भरतात, म्हणून हे सगळं आज रात्रीच करा.

‘वरचा माणूस दिसेनासा झाला की घाबरते’ हेही मी तुमच्या वतीनं लिहिलंय, कारण हॉलमधून आलेल्या प्रत्येकाला पहिल्यांदा तेच गाठतं. सीन असा असतो. तुम्ही फूटभर रुंदीच्या कंगोऱ्यावर, अँकरला बांधलेल्या. गाईड कोपऱ्यावरून वर गेला आणि दिसेनासा झाला. दोर तुमच्या हातातून सरकतोय, थांबतोय, परत सरकतोय. वारा कानात. मग कुठूनतरी अर्धवट ‘श्टांड!’ ऐकू येतं, म्हणजे तो वर पोचला, अँकरला बांधला गेला. सैल दोर सरसर वर जातो आणि तुमच्या कमरेला हिसका बसतो. थोड्या वेळानं ‘नाखकोमेन!’, म्हणजे आता या. ऐकूच आलं नाही तर? हे पायथ्यालाच ठरवून घ्या: दोराला किती हिसके म्हणजे काय. इटालियन गाईड असेल तर कोणत्या भाषेतले शब्द वापरायचे तेही. आणि वर निघण्याआधी अँकरमधून स्वतःला सोडवणं ही एक गोष्ट डोळे झाकून करता येईल इतकी घरी घोटा. जेवणाच्या टेबलाच्या पायाला स्लिंग बांधा आणि लॉकिंग कॅरॅबिनर उघडा, लावा, उघडा, लावा. माझ्या पहिल्या खेपेला त्या एका स्क्रूशी मी इतकी झटापट केली, की वरून गाईडनं वाकून, झोपली का, असं विचारलं होतं.

डोंगरावर गेल्यावर मात्र गाईडला भरीला घालू नका. १८२० मध्ये जोसेफ हामेल नावाच्या रशियाहून आलेल्या शास्त्रज्ञाच्या मोहिमेत हेच झालं. माँ ब्लाँच्या वाटेवर हवा बिघडलेली, गाईड का-कू करत होते, तरी चढाई पुढं रेटली गेली. हिमलोट आला आणि तीन गाईड हिमभेगेत गाडले गेले. शास्त्रज्ञ वाचले. गाईडांचे अवशेष हिमनदीनं खाली आणून सोडले, १८६१ मध्ये. त्या अपघातानंतरच्या वर्षी, १८२१ मध्ये, माँ ब्लाँच्या पायथ्याच्या शामोनी गावातल्या गाईडांनी आपली संघटना बांधली, जगातली सर्वांत जुनी. तेव्हा तुमच्या गाईडनं पावणेअकराला आभाळाकडे बघितलं, तर दोनशे वर्षांचा शहाणपणा बघतोय असं समजून गप दोर आवरा. उलट बाजूही खरी: तुम्हाला जमत नसेल तर पहिल्या पिचवरच सांगा. तिथून खाली येणं पाच मिनिटांचं असतं. पाचव्या पिचवरून वर जाणंच बऱ्याचदा सोपं पडतं.

किरकोळ गोष्टी. चढाईचे बूट दिवसभर घालता येतील असे घ्या. हॉलसारखे बोटं मुडपणारे नकोत. उतरायला हलके बूट हार्नेसला मागे लटकवा. हेल्मेट पायथ्याला पोचायच्या आधी डोक्यावर, कारण दगड वरच्या लोकांच्या पायांनी सुटतात. हेल्मेट-हार्नेस गाईडकडून मिळतात का ते विचारा. पाणी एक-एक लिटर, चिक्की, पातळ जाकीट.

विम्याकडे मात्र आजच बघा. नेहमीच्या आरोग्यविम्यात डोंगरातून उचलून आणण्याचा खर्च असतोच, असं गृहीत धरू नका. व्हेनेतोमध्ये जखम नसताना, नुसतं अडकला म्हणून हेलिकॉप्टर बोलावलं, तर घसघशीत बिल येतं. जर्मन आल्पाइन क्लबच्या सभासदत्वात शोध आणि सुटकेच्या खर्चाचा २५,००० युरोंपर्यंतचा विमा असतो. हॉलमध्ये सवलत मिळावी म्हणून तुम्ही सभासद झालाही असाल. नवरा आहे का ते बघा. आणीबाणीचा नंबर सगळीकडे ११२. गाईडचं नाव, रूटचं नाव आणि परतायची वेळ म्युनिकमधल्या कुणाला तरी लिहून द्या.

तो ‘कुणी तरी’ म्हणजे दादाच असू देत. त्यांना टाळू नका आणि ‘तारखा जुळत नाहीत’ असल्या सबबीही सांगू नका. मंडळात सगळ्यांना सगळं कळतं. घरी बोलवा, पोहे करा आणि सरळ सांगा: ‘दादा, पहिल्या वेळी आम्ही गाईड घेतोय. तुमच्यासमोर मला रडायला लाज वाटेल, त्याच्यासमोर वाटणार नाही. तुमच्याकडून आम्हाला दुसरं हवंय. आठवड्यातून एक संध्याकाळ हॉलमध्ये आम्हाला अँकर बांधायला शिकवा, आणि चढाईच्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत आमचा फोन आला नाही तर या नंबरवर फोन करा.’ आणि गाईडचा नंबर त्यांच्या हातात द्या.